ताजबागेच्या बाबांना शंभर वर्षं: कोणाला काय मिळालं, कोणाचं काय राहिलं?

सक्करदरावाली

नागपूरचे सूफी फकीर हजरत बाबा ताजुद्दीन १७ ऑगस्ट १९२५ ला, सोमवारी गेले. म्हणजे २०२५ मध्ये इंग्रजी तारखेनं शंभर वर्षं पुरी झाली. उर्स, म्हणजे पुण्यतिथीचा उत्सव, मोहरमच्या २६ ला; त्या वर्षी तो जुलैतच होऊन गेला आणि फलकांवर '१०३ वा' असं होतं. बाहेरगावचे त्यावरून गोंधळतात. हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असतं, शंभर वर्षांत तीन वर्षं पुढे जातं, एवढंच.

हा धागा चमत्कारांसाठी नाही, आधीच सांगते. चमत्कार ऐकायचे तर मोठ्या ताजबागेबाहेर फुलांच्या कोणत्याही दुकानापुढे दोन मिनिटं उभं राहा, संध्याकाळपर्यंत सोडणार नाहीत. मला दुसरंच विचारायचंय. बाबांनी पुस्तक लिहिलं नाही, प्रवचनं केली नाहीत. चौसष्ट वर्षांच्या आयुष्यातली सोळा पागलखान्यात गेली. तरी हिंदू-मुसलमान दोन्ही घरांतून त्यांना गुरू मानतात. मग त्यांनी शिकवलं काय? आणि ज्यांनी त्यांना पाहिलंसुद्धा नाही अशा आपल्याला ते नाहीत याची रुखरुख का लागावी?

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म कामठीचा, २७ जानेवारी १८६१. वडील मद्रासच्या पलटणीत सुभेदार. आई-वडील दोघंही लहानपणीच गेले, आजीनं आणि मामांनी वाढवलं. मोठेपणी स्वतः फौजेत शिरले, सागरला बदली झाली. तिथे दिवसा चाकरी आणि रात्र रात्र हजरत दाऊद मक्कींच्या दरग्यावर. मग नोकरी सोडली की सुटली, ते कामठीच्या रस्त्यांवर दिसायला लागले. पोरं दगड मारायची. २६ ऑगस्ट १८९२ ला नागपूरच्या पागलखान्यात रवानगी झाली. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसल्यांनी जामीन राहून सोडवून आणलं आणि सक्करदऱ्याच्या वाड्यात, लाल कोठीत ठेवलं. पुढे काही वर्षं सावनेरकडच्या वाकी गावात, मग परत सक्करदरा, तिथेच शेवट. दफन उमरेड रोडवर, आजचा मोठा ताजबाग तो.

माझी आजी वाड्याच्या मागच्या गल्लीतली. बाबा गेले तेव्हा ती परकर नेसणारी पोर होती. तिच्या सांगण्यात चमत्कार नव्हतेच. एकच गोष्ट ती आयुष्यभर करत आली: गल्लीत कोणी भ्रमिष्ट माणूस आला, पोरांनी दगड उचलला, की ही हातातलं काम टाकून बाहेर. "ठेव तो खाली. ह्या गावानं एकदा केलंय ते." बस. मग त्या माणसाला ओट्यावर बसवून चहा. कपातला, बशीसकट. घरच्यांना जो कप तोच त्याला. आईची त्यावरून कुरकुर चालायची.

मला वाटतं बाबांची शिकवण म्हणतात ती हीच. नागपूरनं एका माणसाला वेडा ठरवून कोंडलं आणि नंतर त्याच्याच पायाशी बसलं. ज्या गावाला हे आठवतं ते पुढच्या वेड्याकडे जरा जपून बघतं. निदान बघायला हवं.

आपापलं लिहा. दुःखाचं असेल तर दुःखाचं.

नागोबाचा_नातू

ताई, लई भारी लिवलं. राजेहो, आपल्याले काही शिकवण-फिकवण समजत नाही. आपली सेवा चपलांवर. उर्साच्या दिवसांत ताजबागेत चपलांच्या स्टँडवर उभा राह्यतो, बाप उभा राहायचा म्हून. यंदा परचम कुशाईच्या दिवशीच असा पाऊस पडला का इचारू नका. झेंडा चढून राह्यला वर अन् खाली आमच्या स्टँडात घोटाभर पाणी, टोकनाचे कागद भिजून लगदा. मग काय, लोकच एकमेकाइच्या चपला शोधून देत होते. एका बुढीनं मले दहा रुपये देल्ले, मनली "बाबाइच्या दारचा हिशोब उधार ठेवू नये." म्या घेतले. सेवा फुकट असते मनून तिले परत केले असते तं तिचं मन मोडलं असतं ना बाप्पा.

भोसल्याइकडून चादर येते तवा मात्र अंगावर काटा येतो. शंभर वर्सं झाले, त्या घराण्यानं धरलेलं सोडलं नाही.

शंकेखोर

लेख प्रामाणिक आहे म्हणून प्रामाणिकपणे विचारतो. भावना दुखवायच्या नाहीत.

तुमच्या आजीचं वाक्य सुंदर आहे, पण त्यात एक गोम आहे. हा माणूस वली, म्हणजे संत, निघाला म्हणून त्याला दगड मारणं चूक होतं काय? आणि निघाला नसता तर? त्या पागलखान्यात सोळा वर्षांत शेकड्यांनी माणसं आली-गेली असतील. त्यांच्यातल्या एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही, त्यांच्यासाठी कोणी राजा जामीन राहिला नाही. संत सापडला म्हणून आपण एकाचे आभार मानतो आणि बाकीचे कुठे गेले ते विचारतच नाही. मला तर त्या बाकीच्यांसाठी रडू येतं.

मनोविकार_ओपीडी

शंकेखोर, मुद्दा रास्त आहे. या विषयात नोकरी झाली म्हणून दोन गोष्टी जोडतो.

नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ चं. बाबांना पाठवलं तेव्हा १८५८ चा वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा लागू होता. रस्त्यावर भटकणारा, 'धोकादायक' वाटणारा माणूस पोलिसांनी मॅजिस्ट्रेटपुढे उभा करायचा, डॉक्टरनं दाखला द्यायचा, की आत. बाबांबद्दल असं सांगतात की कामठीत गोऱ्या लोकांच्या क्लबाकडे ते विवस्त्र गेले आणि तक्रार झाली. छावणीचं गाव ते, साहेबांच्या बायकांची तक्रार म्हटल्यावर किती चौकशी झाली असेल त्याचा अंदाज करा. बाहेर पडायची वाटही त्याच कायद्यात होती: नातलग किंवा स्नेही हमी देऊन रुग्णाला ताब्यात घेऊ शकत. रघुजीरावांनी जे केलं ते दैवी वगैरे नव्हे, कायदेशीर होतं. फरक एवढाच की बहुतेकांना न्यायला कोणी यायचंच नाही. ही गोष्ट आजही बदललेली नाही. बरे झालेले, घरी जाण्यालायक रुग्ण वॉर्डात वर्षानुवर्षं असतात, कारण दिलेल्या पत्त्यावर गेलं की दार उघडणारा म्हणतो, असं कोणी आमच्याकडे नाही.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. दरग्यांवर मनोरुग्णांना साखळीनं बांधून ठेवण्याची रीत देशात अनेक ठिकाणी होती. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवाडीला दरग्याजवळच्या अशाच एका आश्रमात आग लागली, बांधलेली २८ माणसं जागच्या जागी जळाली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयानं लक्ष घातलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात साखळीनं बांधायला साफ मनाई आहे. गुजरातमध्ये उनाव्याच्या मीरा दातार दरग्यावर २००८ पासून वेगळा रस्ता काढलाय, 'दवा आणि दुआ'. मुजावरच, म्हणजे दरग्याचा सेवकच, माणसाला शेजारच्या डॉक्टरकडे पाठवतो. दुआही सुटत नाही आणि गोळीही सुटत नाही.

तेव्हा ताजबागेत जरूर जा. पण घरातल्या आजारी माणसाच्या गोळ्या बंद करून नेऊ नका. बाबा सोळा वर्षं वॉर्डात राहिलेत, त्यांच्याएवढं कोणाला कळणार.

सक्करदरावाली

शंकेखोर, तुमचा प्रश्न मी आजीलाच विचारला होता, कॉलेजात असताना, तुमच्याइतक्याच टेचात. ती म्हणाली, "मी कुठं पाहत बसू कोण वली अन् कोण नाही? म्हणून तर सगळ्यांना चहा." तिच्या हिशेबात बाबांमुळे बाकीच्यांची सोय झाली. तुमच्या हिशेबात बाबांमुळे बाकीचे झाकले गेले. दोन्ही खरं असू शकतं, पण मी तिच्या बाजूची.

डॉक्टरसाहेब, मनोरुग्णालयाच्या आवारात बाबांची जागा अजून मानतात, लोक तिथेही फूल वाहून येतात. तिथून परतताना वॉर्डाकडे मान वळवणारे किती, हा प्रश्न मात्र तुम्ही आता डोक्यात घातलात.

दळणवाला

एरवी मी वाचून जातो, लिहीत नाही. ताईंनी 'दुःखाचं असेल तर दुःखाचं' म्हटलं म्हणून लिहितो.

आमचे हजरत, म्हणजे माझे गुरू, गेल्या रमजानच्या आधी गेले. नाव लिहीत नाही, त्यांना आवडलं नसतं. अमरावतीकडच्या एका लहान गावात त्यांची पीठगिरणी होती. सिलसिला, म्हणजे गुरुपरंपरा, कादरी. गुरुवारी रात्री गिरणी बंद झाली की आतल्या खोलीत जिक्र, म्हणजे अल्लाचं नामस्मरण, सात-आठ माणसं. बाकी सहा दिवस दळण. सूफी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गोल फिरणारे झगे येतात. आमच्याकडे पट्टा फिरायचा.

मी बैअत घ्यायला, म्हणजे त्यांचा शिष्य व्हायला, गेलो तेव्हा अत्तर लावून, डोक्याला रुमाल बांधून, मिठाई घेऊन गेलो होतो. ते चाकाला टाकी लावत बसलेले. भुवयांवर, पापण्यांवर पीठ. मी पायाशी वाकायला गेलो तर हात आडवा घातला आणि म्हणाले, "पहिले त्या बाईचं दळण उचलून दे सायकलवर." उचललं. पुढे वर्षभर मला तेवढंच काम होतं. आलेला डबा तोलायचा, चिठ्ठी लावायची, दळून झालं की पुन्हा गिऱ्हाइकासमोर तोलायचं. घट किती आली ते तोंडानं सांगायचं. ज्वारीच्या मागून कोणाचे गहू टाकायचे तर आधी त्याच माणसाला विचारायचं, चालेल का. एकदा मी न विचारता टाकले. त्यांनी ते अख्खं पीठ बाजूला काढलं, आपल्या घरचे गहू तेवढेच तोलून त्या माणसाला दळून दिले आणि ते मिसळलेलं आठवडाभर आम्ही जिक्रच्या रात्री खाल्लं. बोलले काही नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

जनाजाच्या नमाजाआधी रीतीप्रमाणे त्यांचा मोठा मुलगा उभा राहिला. मय्यतीकडे कोणाचं काही येणं असेल तर सांगा, आम्ही देऊ. अशा वेळी सहसा कोणी बोलत नाही. पण कब्रस्तानाच्या फाटकापाशी दोन म्हाताऱ्या उभ्या होत्या, बौद्धवाड्यातल्या. त्यातली एक पुढे येऊन म्हणाली, "माह्यं ज्वारीचं दळण राह्यलं गिरणीत. आता जाऊ द्या, पर डबा तेवढा द्याजो." लोक तिच्याकडे डोळे वटारून बघायला लागले. मुलगा म्हणाला, "नाही मावशी, तेही येणंच आहे." दफन करून माती देऊन आला, गुसल केलं आणि त्याच कपड्यांत जाऊन गिरणी सुरू केली. सोयमपर्यंत, म्हणजे तिसऱ्या दिवसापर्यंत, गिरणी बंद ठेवायची असं घरात ठरलं होतं. पट्ट्याचा आवाज ऐकून मला आत जाववलं नाही. बाहेर उभा राहून रडलो, मोठ्यानं, गुरासारखा. त्याआधी दिवसभर डोळ्यांत टिपूस नव्हतं.

नंतर चाळिसावा झाला, देगी उतरल्या, भाषणं झाली. त्यांच्या करामतींच्या गोष्टी आता गावात निघायला लागल्यात. आम्ही सात-आठ जण ऐकतो आणि गप्प बसतो. मुलाला खिलाफत, म्हणजे गुरूचा वारसा, दिली होती का यावर दोन तट पडलेत. त्यात मला पडायचं नाही. मला त्यांचं रागावणं हवंय. शेवटच्या वर्षी दम लागायचा म्हणून ते रागवायचे नाहीत, तेव्हाच खरं समजायला हवं होतं.

तर शंकेखोरभाऊ, शिकवलं काय असं कोणी मला विचारलं तर मी दोनदा तोलायला शिकलो. आभार कोणत्या तोंडानं आणि कोणाजवळ मानायचे ते ठाऊक नाही. गुरुवारी जातो. मुलाचा हात दुखतो हल्ली, टाकी मी लावतो.

शंकेखोर

दळणवाला, यावर माझ्याकडे प्रतिवाद नाही. नमस्कार.

चारबावडी

पुण्याहून. हजरत बाबाजान २१ सप्टेंबर १९३१ ला गेल्या, कॅम्पात चारबावडीला दरगा आहे. त्या कडुलिंबाच्या झाडाखाली वर्षानुवर्षं उघड्यावर बसायच्या, ऊन-पाऊस सगळं अंगावर. बाई असून त्यांना कोणी माई म्हटलेलं खपायचं नाही, बाबाजानच म्हणायचं. १९१३ मध्ये डेक्कन कॉलेजातला एक इराणी विद्यार्थी सायकलवरून त्या रस्त्यानं जायचा, त्याला त्यांनी जवळ बोलावलं. तोच पुढे मेहेरबाबा झाला. मेहेरबाबांनी ज्या पाच जणांना आपले सद्गुरू मानलं त्यांत बाबाजान, ताजुद्दीन बाबा, शिर्डीचे साईबाबा, साकोरीचे उपासनी महाराज आणि केडगावचे नारायण महाराज. पाचही आपल्याच मातीत वावरलेले.

बाबाजानची एक गोष्ट सांगतात. त्या झोपल्यात असं बघून चोरानं अंगावरची भारी शाल ओढायला घेतली, ती अंगाखाली अडकली. त्यांनी डोळे न उघडता कूस बदलली, शाल मोकळी करून दिली. खरी की खोटी विचारू नका, त्या रस्त्यावर वाढलेल्या पोरांना ही सांगूनच मोठं केलंय.

दळणवाला, मुलाच्या हाताला दाखवून घ्या. गिरणीवाल्यांचं मनगट जातं.

हेगचा_बडोदेकर

जरा विषयाच्या कडेला आहे, पण शोक आणि ऋण म्हणून लिहितो. हजरत इनायत खान आमच्या बडोद्याचे, जन्म ५ जुलै १८८२. आजोबा मौलाबक्ष, सयाजीरावांच्या दरबारचे, १८८६ ची गायनशाळा त्यांची. आज महाराजा सयाजीराव विद्यापीठात संगीत-नाट्याचं जे चालतं त्याचं मूळ तिथे. इनायत खान वीणा वाजवायचे, गायचे. गुरू भेटले हैदराबादला, सय्यद अबू हाशिम मदनी. त्या गुरूंनी जाताना सांगितलं की तुझं संगीत घेऊन पश्चिमेला जा. १३ सप्टेंबर १९१० ला हा माणूस मुंबईहून बोटीत बसला. गुरू गेल्याचं दुःख असं कोणी पूर्ण केलेलं मी दुसरं पाहिलं नाही. पुढे गाणंही सोडलं, शिकवण्यासाठी. ५ फेब्रुवारी १९२७ ला दिल्लीत गेले, पंचेचाळिशीही गाठली नाही. निजामुद्दीन बस्तीत दरगा आहे.

इथे नेदरलँड्समध्ये कॅटवाइकच्या वाळूच्या टेकड्यांत त्यांच्या मुरीदांचं, म्हणजे शिष्यांचं, मंदिर आहे. दर ५ फेब्रुवारीला गोरी म्हातारी माणसं त्यांची आठवण करतात. मी एकटा बडोद्याचा. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला विचारलं, तुमच्या गावात त्यांच्यासाठी काय करतात? मी विषय बदलला.

कामठीकर

सक्करदरावाली ताई, एक राहिलं. कामठीचे हजरत अब्दुल्ला शाह कादरी. ताजुद्दीन लहानपणी मदरशात असताना ते तिथे आले आणि मास्तरांना म्हणाले, याला काय शिकवता, हा शिकूनच आलाय. स्वतःच्या तोंडची अर्धी खारीक त्यांनी पोराच्या तोंडात घातली आणि सांगितलं, कम खाओ, कम सोओ, कम बोलो. असं आमच्याकडे सांगतात. अब्दुल्ला शाहांचा दरगा कामठीतच आहे, ताजबागेची गर्दी तिकडे फिरकत नाही. गुरूच्या गुरूला विसरायचं असतं काय?

वाकीचंही लिहायला हवं होतं. काशिनाथ पाटलांनी बाबांना तिथे ठेवून घेतलं. पाटील हिंदू, पाहुणा फकीर, कोणाला काही वावगं वाटलं नाही. तिथे बाबांनी उघड्या रानात जागा नेमून दिल्या: आंब्याखाली दवाखाना, एक जागा मदरसा, एक मशीद. भिंती नाहीत, छप्पर नाही. आजारी आला की "जा, दवाखान्यात बस." पोरं परीक्षेच्या आधी 'मदरशा'त जाऊन बसायची. बघा, सोळा वर्षं सरकारी इस्पितळात काढलेल्या माणसानं इस्पितळ उघडलं ते दार नसलेलं.

मनोविकार_ओपीडी

कामठीकर, हे शेवटचं वाक्य मी आमच्या नवीन डॉक्टरांना सांगणार आहे.

बारावीची_आई

माझ्या मुलाची बारावी आहे. वाकीला एकदा नेऊन बसवावं म्हणते. देव-देव म्हणून नाही, सारखा मोबाइल आणि क्लास, जरा झाडाखाली बसेल. नागपूरहून कसं जायचं? आणि बाईमाणसानं एकटीनं गेलं तर चालतं ना?

कामठीकर

चालतं, बिनधास्त या. सावनेर तालुक्यात आहे, पाटणसावंगीकडून आत वळायचं. स्वतःची गाडी असेल तर सकाळी निघा, दुपारच्या आत परत येता येईल. खायचं सोबत ठेवा. गुरुवारी गर्दी असते, पोराला निवांत बसवायचं तर दुसरा वार धरा.

आणि एक, पोराला कन्हानच्या पात्रात अजिबात उतरू देऊ नका. वरून पाणी संथ दिसतं, आत डोह आहेत. पावसाळ्यानंतर तर मुळीच नको. सहलीला आलेली कॉलेजची पोरं तिथे बुडाल्याच्या बातम्या येत असतात. पोरं म्हणतात बाबांची जागा आहे, काही होत नाही. होतं.

नागोबाचा_नातू

बरोबर हाय भाऊचं. अन् ताई, पोराच्या चपला झाडाखाली नका ठेवू, माकडं नेतात.